मोठी शांत, लहानी तोंडाळ

आमच्या सासरी कुठलंही कार्य असो, लग्न असो की तेरवी, पंगत उठली की बायका दोन गोष्टी बोलतातच. मोठी किती शांत आहे. आणि लहानी किती तोंडाळ. मोठी म्हणजे माझी जाऊ, लहानी म्हणजे मी. हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे, तेही समोरासमोर. तोंडाळ बाईच्या पाठीमागे बोलायची तसदी कोणी घेत नाही.

माझ्या मुलीचं जमत होतं तेव्हा मुलाच्या आत्यानं चहा पिता पिता विचारलं, "पोरगी कोनावर गेली जी? आईवर का मोठ्या आईवर?" मी हातात ट्रे घेऊन समोर उभी. माझ्या सासूनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "मोठीवर गेली. आवाजच नाही तिचा." लग्न जमलं, चांगलं झालं. ते उत्तर मात्र माझ्या छातीत अजून टोचतं.

ज्या शांतपणाचे इतके गोडवे गायले, तो होता तरी काय, हे मला नंतर कळलं. आपोआप नाही कळलं. माल दोन्ही बाजूंनी उलटून पाहायची मला सवय आहे, म्हणून कळलं.

आम्ही दोघी जावा बोहारणीचं काम करायचो. जुने कपडे घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, डबे, पराती, गंज म्हणजे पातेली. डोक्यावर टोपली, पाठीवर कपड्यांचं गाठोडं. आमचा भाग कोराडीचा. वीज केंद्राच्या वसाहतीत नोकरदार माणसं, बायकांकडे साड्या चांगल्या आणि वापरही कमी. फक्त दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर असायचा. साडी झटकली की आमच्याच नाकातोंडात जायची.

आमचं काम वाटून घेतलेलं होतं. कोणी ठरवलं नव्हतं, आपसूक पडलं होतं. घरातली बाई साड्या आणून टाकायची. मोठी एकेक साडी उजेडाकडे धरायची, विरलेल्या जागेवर बोट ठेवायची आणि साडी बाजूला सरकवायची. तोंडातून शब्द नाही. बाकी सगळं मी. "बाई, ह्या सहा साड्यांवर एवढा मोठा गंज मागता? गंज काय झाडाले लागते?" बाईंचा आवाज चढायचा, माझा त्याच्यावर चढायचा. शेवटी त्या मोठीकडे वळायच्या. "तुम्हीच सांगा हो. ही तुमची फारच भांडते." मोठी ओठ मिटून थोडंसं हसायची. झालं. बाई विरघळायच्या आणि मी सांगितलेल्या भावालाच तयार व्हायच्या. आणि वर, आम्ही निघालो की म्हणायच्या, "पुढच्या वेळी ह्या शांत बाईंनाच पाठवा."

सौदा मी जिंकायचा आणि नाव तिचं व्हायचं. बसमध्ये बसलो की मी तिच्यावर आग पाखडायची.

"तुमाले तोंड उघडाले काय होते वं, बाई?"

"तू हायेस ना," ती म्हणायची आणि कमरेची पिशवी काढायची.

पिशवीत खर्रा. नागपुरात राहणाऱ्याला तो काय असतो हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. पानठेलेवाला हे तिन्ही प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटत बसतो. घोटून घोटून ते गरम आणि ओलसर होतं, मग पन्नीला गाठ मारून हातात देतो. चिमूट काढायची, गालात ठेवायची आणि घटकाभर भूक, ऊन, पाय सगळं विसरायचं. मजुरी करणारे खातात, बाबू लोक खातात, बायाही खातात. विकायला बंदी आहे म्हणतात, पण आता माझं दुकान आहे त्याच्यासमोरच्या पानठेल्यावर घोटण्याचा आवाज कधी थांबत नाही. ह्याला कोणी व्यसन म्हणत नाही. मोठीचा नवरा, म्हणजे माझा जेठ, दारूला शिवत नाही, म्हणून त्याला निर्व्यसनी म्हणतात. खर्रा तोही खातो.

मीही खाऊन पाहिला होता. थोडे दिवस खाल्ला, मग सोडला. तोंडात खर्रा असला की भांडता येत नाही. थुंकून यावं लागतं, तोवर गिऱ्हाईक दार लावून घेतं. माझ्या तोंडाळपणानं मला वाचवलं. आमच्या घरात हे कोणी मोजलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

टोपली उतरवून मी नागपुरातल्या जरीपटक्यात भांड्यांचं दुकान घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मोठीला आत बसवलं. ती डबे पुसायची, पावती फाडायची. बाहेर उभी मी.

एक दिवस चमच्यांचा नवा माल आला. मोठीनं त्यातून स्वतःसाठी एक चमचा निवडला. मला वाटलं खिरीचा घेईल. तिनं घेतला बाळाला औषध पाजायचा, अगदी अरुंद. मी म्हटलं नातवासाठी असेल. दुपारी डबा उघडला तर त्याच चमच्यानं ती वरणभात खाऊन राहिली होती. एवढासा भात, तोही आधी बोटानं चेपून सपाट करायची आणि मग दातांच्या फटीतून आत सरकवायची.

मी चमचे विकणारी बाई आहे. कोण कोणता चमचा का उचलतं, हे मला कळतं. हा चमचा मात्र मला कळेना.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघायला लागले. सासूबाई म्हणायच्या, मोठी कशी सात्त्विक, तिखटाला हात लावत नाही. मी बघितलं तर ती तिखट टाळायची ती सात्त्विकपणानं नाही, तिखटानं तिचं तोंड जळत होतं. नुसत्या कढीनंही डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई म्हणायच्या, मोठी कशी खानदानी हसते, दात दिसत नाहीत. मी दुकानात मुद्दाम हसवलं, एका गिऱ्हाइकाची नक्कल करून. ती पोट धरून हसली, खांदे हलले, डोळे मिटले, पण ओठ जागचे हलले नाहीत. मग नातवाचा वाढदिवस आला. पोराच्या हट्टापायी आजीला मेणबत्ती विझवायला लावली. तिनं फुंकर घातली, ज्योत जरा वाकली आणि पुन्हा सरळ झाली. सगळे हसले. "आजीची फुंकरही किती हळू!" मी नाही हसले. चुलीच्या काळात ही बाई फुंकणीनं ओली लाकडं पेटवायची, ते मी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि टॉर्च घेतला.

"आ करा, बाई."

"काहून?"

"करा म्हणते ना."

"काय डॉक्टर झाली काय वं तू?"

"तोंड उघडा."

"उघडलं ना."

तिनं उघडलं होतं. तिचं पूर्ण उघडलेलं तोंड तेवढंच होतं. माझी दोन बोटं उभी आत जाईनात. गालाच्या आत पांढुरकं दिसलं, बोट लावलं तर कातड्याखाली दोऱ्या ताणल्यासारखं लागलं. मी बोट काढून घेतलं आणि पदराला पुसलं.

"कवापासून?"

"हळूहळू झालं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोनी इचारलंच नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

मी दवाखान्यात चला म्हटलं. ती नाही म्हणाली. डॉक्टर कॅन्सर म्हणेल, आणि एकदा तो शब्द घरात आला की पुढे जगणं नाही, नुसतं वाट बघणं, असं तिचं म्हणणं. मी ओरडले. ओरडून तिच्यावर काही होत नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तरी ओरडले. मग माझ्या धंद्याच्या रीतीनं गेले. "दवाखाना राहू द्या. खर्रा सोडा."

तिनं भाव केला. "सकाळचा एक राहू दे."

"नाही."

"बरं, जेवल्यावरचा."

"एकही नाही."

मग ती जरा वेळ डबा पुसत बसली आणि म्हणाली, "तंबाखू सोडते. नुसती सुपारी चघळते. सुपारीनं काय होते? पूजेले चालते, ओटीत घालते."

मला ते पटलं. तंबाखूच्या पाकिटावर ते भयंकर चित्र असतं, सुपारीला कोणी भीत नाही. मी हात पुढे केला, तिनं हातावर हात ठेवला. मला वाटलं मी सौदा मारला. खरं तर समोरचा इतक्या सहज मान्य करतो तेव्हा माल पुन्हा उलटून पाहायचा असतो. गिऱ्हाइकांना हेच मी आयुष्यभर शिकवलं, फुकटात.

तंबाखू तिनं खरंच सोडली. शब्दाची पक्की. सुपारी मात्र पूर्वीपेक्षा जास्त, दिवसभर गालात. मी कौतुकानं सगळ्यांना सांगत होते की मोठीचा खर्रा मी सोडवला. पुढे गालाच्या आत एक फोड आला आणि तो जाईना. तेव्हा मी तिला विचारलं नाही, रिक्षात घातलं आणि दातांच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मोठीच्या तोंडात आपली बोटं उभी धरून पाहिली, गाल आतून चाचपले. मग विचारलं, "काय खाता, आजी?"

"काही नाही," मोठी म्हणाली. "तंबाखू सोडली."

मी म्हटलं, "मी सोडवली."

"आणि सुपारी?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. तोंड असं आवळत जातं ते मुख्यतः सुपारीनं. गालाचं मऊ अस्तर आतून कडक होतं, त्यात दोऱ्यांसारखे पट्टे धरतात. आधी तिखट झोंबतं, मग घास लहान होतो, शिटी वाजवता येत नाही, मग बोलणं दातांतून येतं. खाणं बंद केलं तर पुढचं बरंचसं थांबतं, झालेलं सगळं परत येत नाही. तंबाखूनं कॅन्सरचा धोका आणखी वाढतो, पण नुसती सुपारीही त्या वाटेनं नेऊ शकते. फोडाचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि भडकले. "तुमाले माहीत होतं?"

"मले काय माहीत? तू तंबाखू मागितली, मी तंबाखू देल्ली. जे मागितलं नाही ते मी ठेवलं."

एवढ्या वर्षांत मला सौद्यात कोणी असं उताणं पाडलं नव्हतं. आणि जिनं पाडलं तिचं तोंड धड उघडतही नव्हतं.

तुकड्याचा निकाल यायला वेळ होता. घरात बसून डोकं फुटायची वेळ आली. मला एकच प्रश्न कुरतडत होता. ही बाई मुळात शांत होती का? की शांतपण खर्र्यानं आलं? तिला विचारलं तर म्हणाली, "आता काय करतं त्याचं?" विकणाऱ्याच्या शब्दावर मी माल घेत नाही. मी सावनेरची बस पकडली आणि तिच्या माहेरी गेले.

तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते. आई अजून आहे, कमरेत वाकलेली, पण कान शाबूत. मी विचारलं, "तुमची पोरगी लहानपनी कशी होती जी, शांत?"

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग आत हाक मारली, "अवं सूनबाई, ये इकडे. हे बाई इचारून राहिली, आपला भोंगा शांत होता का म्हणून!"

भोंगा म्हणजे खाणीचा, पाळी बदलताना वाजायचा तो. मोठीला माहेरी त्याच नावानं हाक मारायचे. शेतातून तिनं हाक दिली की रस्त्यापलीकडची माणसं मागे वळायची. भावांशी भांडायची, चिंचा खायची, खदाखदा हसायची. म्हातारीनं हे सांगताना स्वतःचं बोळकं इतकं मोठं उघडलं की मला हेवा वाटला. "लग्न झाल्यावर गप्प झाली," ती म्हणाली. "आमाले वाटलं, चांगलं वळण लागलं."

परत आल्यावर मी मोठीला म्हटलं, "भोंगा."

ती दचकली. हातातलं झाकण खाली पडलं. मग सांगितलं तिनं, हळूच, दातांतून. लग्न होऊन आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, बाईच्या जातीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये. ती आवाज दाबायची, पण तो निसटायचा. टोपली घेऊन फिरायला लागली तेव्हा जुन्या एका बोहारणीनं उन्हासाठी म्हणून खर्रा दिला. तोंडात काही असलं की आवाज निघत नाही, हे तिच्या लक्षात आलं. घरीही ठेवायला लागली. सासूबाई खूष झाल्या. "मंग सवयच लागली वं. पयले आवाजासाठी खाल्ला, मंग खर्र्यासाठी खाल्ला. आवाजाचं तर इसरूनच गेली."

सासूबाईंनी मलाही तेच सांगितलं होतं, माझ्या पहिल्याच आठवड्यात. मी त्यांना उलट उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी तोंडाळ.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. "आत्ता नाही," असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि "आत्ता" ह्या शब्दावर त्यांनी जोर दिला. सुपारीचा तुकडाही नको, गालात इंजेक्शनं घ्यायची, ठरल्या वेळी येऊन दाखवायचं, ते आता कायमचं. आणि व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, सवय झाली की त्यात अजून एक सरकवायची.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, हात थरथरायचे, पावती चुकायची. समोर पानठेल्यावर घोटायला सुरुवात झाली की ती खुर्चीवरून उठायची आणि बसायची. एकदा गिऱ्हाइकाला कुकर दाखवायला झाकण उघडलं तर आत पन्नी. गिऱ्हाइकासमोरच मी तिच्यावर भडकले. तिनं पन्नी घेतली आणि स्वतः नालीत टाकून आली. परत येऊन म्हणाली, "दुसऱ्या कुकरातही हाय. मोठ्या. तोही पाह्य." एवढ्या भांड्यांमध्ये एक लपवायची जागा कोण शोधणार? तिनं स्वतः सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही सोडेल.

काड्या वाढत गेल्या. हळू, पण वाढल्या. आणि त्यांच्याबरोबर आवाज वाढला. आधी दुकानातल्या पंख्यावर चिडली. मग जेठावर, तो घरात खर्रा आणतो म्हणून. मग एका तेरवीच्या पंगतीत वाढप्याला म्हणाली, "भाजी का तीर्थ हाय, एवढी वाढतं?" सगळ्या बायकांच्या माना वळल्या.

मी घरी सगळं सांगितलं होतं, दवाखाना, सुपारी, आवळलेलं तोंड. मला वाटलं होतं आता तरी सासूबाई म्हणतील की बाई, आमचं चुकलं. मोठीचा गुण हा गुण नव्हता, दुखणं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाहुण्यांना सांगायला लागल्या, "मोठी किती शांत होती. लहानीच्या दुकानात बसून बिघडली."

हे ऐकून मी आठवडाभर धुमसत होते. मोठीला सांगितलं तर तिनं काड्या काढल्या, तोंड पुसलं आणि म्हणाली, "खरंच हाय ते." आणि हसली. दात दिसले. पिवळे, झिजलेले, पण दिसले.

परवा कोराडीच्या जुन्या गिऱ्हाईक बाई दुकानात आल्या. निवृत्त झाल्या आहेत, मुलीकडे राहायला आल्या. मला ओळखलं आणि आत डोकावून म्हणाल्या, "तुमच्याबरोबर त्या शांत बाई असायच्या ना हो? त्या गेल्या का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून आवाज आला. पूर्ण नाही, कडा कापलेला, पण डबे घुमवणारा.

"गेली कुठं जी? हे काय बसली! या आत, काय पाहिजे ते पाहून घ्या, पण भावात घासाघीस कराची नाही, सांगून ठेवते!"

बाई दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी परातींच्या चळतीशी जाऊन उभी राहिले आणि ओठ मिटून घेतले. मला ऐकायचं होतं, ती भावात किती सोडते ते.